भिंगरीने पळत नेलेली नळी

भिंगरी परवापासून हळू चालते आहे, आणि तेवढ्या एका गोष्टीने माझी झोप उडाली आहे.

यात काळजी करण्यासारखं काय, असं कुणालाही वाटेल. तिच्या बाबांनाही तेच वाटलं. "पोर चालायला लागल्यापासून 'हळू, हळू' म्हणून घसा कोरडा केलास. आता तिने ऐकलं तर तुलाच ताप आला," असं म्हणून त्यांनी वर्तमानपत्राचं पान उलटलं. यांचा स्वभावच असा की घराला आग लागली तरी आधी कोणत्या खोलीला लागली ते विचारतील आणि मग चष्मा शोधतील. मला काळजी करायला कारण लागत नाही, हे खरं आहे. पण या वेळी कारण आहे.

भिंगरी म्हणजे आमची एकुलती एक मुलगी. शाळेच्या दाखल्यावर तिचं चांगलं चार अक्षरी नाव आहे, पण ते कधी वापरात आलंच नाही. चार अक्षरं उच्चारून होईपर्यंत ती गल्लीच्या टोकाला पोचलेली असायची. बाकीची मुलं रांगतात, उभी राहतात, पडतात, चालतात. हिने मधलं सगळं गाळून एकदम पळायलाच सुरुवात केली. जिन्याच्या शेवटच्या तीन पायऱ्या बांधणाऱ्याने उगाच बांधल्या, असं तिचं ठाम मत होतं, आणि तळमजल्यावरचे आजोबा रोज सकाळी 'धाड' ऐकू आलं की म्हणायचे, "चला, शाळा भरली."

कोपऱ्यावर टोमॅटो आणायला पाठवलं की दुकानातून टोमॅटो निघायचे आणि घरी सूप पोचायचं. मी पिशवीच्या तळाशी हात घालून रागावले की ती निरागसपणे सांगायची, "मी निघाले तेव्हा चांगले होते." टोमॅटोंचं हे प्रकरण पुढे परत येणार आहे, म्हणून सांगून ठेवते.

तिला पहिल्यांदा नीट पाहिलं ते शाळेच्या खेळाच्या सरांनी. उन्हाने रापलेला चेहरा, रंग उडालेली टोपी, गळ्यात शिट्टी आणि एका गुडघ्यावर कायमची पट्टी. एकदा पालकसभेत बाकीचे शिक्षक हिच्या अक्षराबद्दल, बाकावर न टिकण्याबद्दल सांगत होते, तेव्हा सर मागून येऊन मला म्हणाले, "ही जी काही ताकद वर्गात सांडते आहे ना, ती संध्याकाळी मैदानावर आणून ओता. मी भांडं घेऊन बसलोय."

तेव्हापासून ती रोज मैदानावर जायला लागली. आणि तिथेही तिची अडचण झालीच. भिंगरी वेगवान होती, पण तिला शिट्टीची वाट बघता यायची नाही. सरांनी शिट्टी ओठांना लावली, की ही सुटलीच. सर कधी ओरडत नसत. "ओरडणं शिट्टीचं काम, माझं नाही," म्हणायचे. ती अर्धं मैदान पार करून गेली तरी ते शांतपणे हात वर करायचे आणि म्हणायचे, "रेषेवर ये परत." बस. इतकंच. ती मान खाली घालून, पण पळतच, परत यायची.

आमच्या बाहेरच्या खोलीतल्या कपाटात एक फोटो आहे. त्यात भिंगरी एक भलामोठा कप छातीशी धरून हसते आहे. कप मात्र आमच्या घरात नाही. पाहुणे विचारतात, तेव्हा तिचे बाबा सांगतात, "कप आमच्याकडे फोटो काढण्यापुरता आला होता." त्याची गोष्ट अशी. सातवीत असताना शाळाशाळांच्या शर्यतीत ती दुसरी आली. कप मिळाला, फोटो झाला, मी आनंदाने तिची वेणी चार वेळा नीट केली. तेवढ्यात ती माझा हात सोडवून पंचांच्या टेबलाकडे गेली आणि त्यांना म्हणाली, "मी शिट्टीच्या आधी सुटले होते." पंचांनी पाहिलं नव्हतं. कुणीच पाहिलं नव्हतं. फक्त सरांनी पाहिलं असावं, कारण ती निकाल लागल्यावर सरांकडे गेली नव्हती आणि सरही तिच्याकडे आले नव्हते. दूर उभं राहून ते बुटाची नाडी बांधत होते, आणि बुटाची नाडी बांधायला कुणाला एवढा वेळ लागत नाही. शर्यत परत घेतली. ती चौथी आली. मी घरी येईपर्यंत फुगून बसले होते. एवढ्या मोठ्या खुलाशाची गरज काय होती, असं मी विचारलं, तर म्हणाली, "आई, मग पळताना मजा कशी येणार?" सरांनी तिला त्या दिवशी काही म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी शिट्टी तिच्या हातात दिली आणि म्हणाले, "आज तू वाजव."

मोठी झाल्यावर ती काही धावपटू झाली नाही. प्रयोगशाळेचा अभ्यासक्रम केला आणि शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात रक्त तपासणीच्या लॅबमध्ये लागली. रक्त काढणं हे शांत बसणाऱ्या माणसाचं काम, हिचं तिथे कसं होणार, या विचाराने मी पहिला महिना नीट जेवले नाही. पण झालं उलटंच. हॉस्पिटलला पळणारं माणूस हवंच होतं. अतिदक्षता विभाग सगळ्यात वरच्या मजल्यावर, लॅब तळघरात, आणि लिफ्ट स्ट्रेचरवाल्यांच्या मालकीची. बाकीचे लोक लिफ्टच्या दारात ताटकळत उभे असतात तेव्हा भिंगरी जिन्याने नमुना घेऊन खाली पोचलेली असते. शिवाय तिच्या बोटांना शीर सापडते. वरच्या मजल्यावरच्या सिस्टर अवघड हात दिसला की म्हणतात, "जरा त्या वाऱ्याला बोलवा."

तिथे मला लॅबच्या नंबरवर फोन करायला मनाई आहे. एकदाच केला होता. ती डबा विसरली होती आणि मोबाइल लॉकरमध्ये होता, म्हणून मी लॅबमध्ये फोन लावून विचारलं की माझ्या मुलीने काही खाल्लं का. तो उचलला लॅबच्या मुख्य मॅडमनी, आणि त्यांचे हात कामात असल्यामुळे तो स्पीकरवर होता. मी पुढे हेही विचारलं की तिचं पोट आता कसं आहे. भिंगरी घरी आली ती दारातूनच म्हणाली, "आई, सगळ्या लॅबला माझ्या पोटाची माहिती दिल्याबद्दल आभार. आता परत त्या नंबरवर फोन केलास तर मी आडनाव बदलून घेईन."

तर अशी ही मुलगी. आता सरांबद्दल.

गेल्या आठवड्यात सर मैदानावर पडले. मुलींना रांगेत उभं करून शिट्टी ओठांशी नेली आणि ती न वाजवताच खाली बसले, मग आडवे झाले. हृदय थांबलं होतं. मुलीला न्यायला आलेल्या एका बाईला तिच्या कचेरीत असल्या वेळी काय करायचं ते शिकवलेलं होतं. तिने पर्स फेकून दिली आणि गाडी येईपर्यंत सरांची छाती दाबत राहिली. गाडीतल्या लोकांनी विजेचा धक्का दिला आणि हृदय परत सुरू झालं. आम्ही सगळ्यांनी सुस्कारा सोडला. पण हृदय सुरू झालं म्हणजे माणूस जागा झाला असं नसतं, हे मला तेव्हा कळलं. सर जागे झाले नाहीत.

सरांच्या पत्नी आमच्या मागच्याच गल्लीत शिवणकाम करतात. शाळेचे गणवेश शिवतात, आणि आम्ही सगळ्या त्यांना ताई म्हणतो. त्या दिवसापासून त्या वरच्या मजल्यावर सरांच्या पलंगाशी बसून आहेत, गळ्यात मोजायची टेप तशीच. दुकानातून उठल्या तशा निघाल्या होत्या. मी डबा घेऊन गेले तेव्हा त्यांनी सरांचं मनगट टेपने मोजलं आणि म्हणाल्या, "बारीक झालेत हो." मग स्वतःच जरा हसल्या.

हृदय थांबतं तेवढा वेळ मेंदूला रक्त मिळत नाही. त्यात मेंदूच्या पेशी दुखावल्या तर त्यांच्यातला एक पदार्थ रक्तात उतरतो. दोन-तीन दिवसांनी रक्त काढून तो मोजतात. आकडा कमी असेल तर माणूस जागा होण्याची आशा बळावते, खूप वाढलेला असेल तर डॉक्टरांचे चेहरे गंभीर होतात. नुसत्या त्या आकड्यावर कुणी काही ठरवत नाही. डोळ्यांच्या बाहुल्या बघतात, मेंदूचा आलेख काढतात, स्कॅन करतात. हे सगळं मला भिंगरीने जेवणाच्या टेबलावर समजावून सांगितलं, जशी ती मला नवीन मोबाइल समजावते, म्हणजे दोनदा आणि दुसऱ्या वेळी डोळे मिटून.

परवा सरांचं ते रक्त काढायला भिंगरीच गेली. आणि आकडा आला तो मोठा.

डॉक्टरांनी आज ताईंना सांगितलं की बाकीच्या तपासण्या धड इकडच्याही नाहीत आणि धड तिकडच्याही नाहीत, त्यामुळे या आकड्याला वजन आलं आहे. उद्या सकाळी सगळे एकत्र बसू, पुढे किती आणि काय करायचं ते बोलू. ताईंनी बाहेरगावी असलेल्या मुलाला बोलावून घेतलं आहे. मी भेटले तेव्हा त्या म्हणाल्या, "आकडाच आला हो. आकड्याशी काय भांडणार?" आयुष्यभर आकड्यांवर कापड कापलेली बाई. टेपवर आलं ते आलं.

आणि रक्त काढलं त्याच दिवसापासून भिंगरी हळू चालायला लागली. जिना एकेक पायरी उतरते. शेवटच्या तिन्हीसुद्धा. तळमजल्यावरचे आजोबा आता खूप थकले आहेत, तरी त्यांनी दार उघडून विचारलं, "मुलगी गावाला गेली का?"

सरांचं दुःख आहे, असंच मी धरून चालले होते. आज संध्याकाळी ती रात्रपाळीला निघाली, बूट घालायला स्टुलावर बसली, आणि एक बूट पायात, दुसरा हातात अशी बसूनच राहिली. मी विचारलं, "उशीर नाही का होत?"

"आई, तुला टोमॅटो आठवतात?"

"कोणते?"

"मी लहानपणी आणायचे ते."

"ते टोमॅटो होते का गं?"

ती हसली नाही. बुटाकडे बघत म्हणाली, "सरांच्या रक्ताचं तसं झालंय. असं मला वाटतंय."

मग तिने सगळं सांगितलं. सरांच्या पलंगाशी गेली आणि तिच्या बोटांना पहिल्यांदाच शीर सापडली नाही. पलंगाच्या पलीकडून ताई म्हणाल्या, "हळू गं बाळा, त्यांना दुखतं." दुसऱ्यांदा तिने अगदी बारीक सुई घेतली, दुखू नये म्हणून. बारीक सुईतून रक्त घाईने ओढलं, घाईने नळीत दाबून भरलं, आणि नळी मुठीत घेऊन जी सुटली ती थेट तळघरापर्यंत. सरांचा नमुना होता. लिफ्टची वाट कोण बघणार?

"मग काय झालं? लवकर नेलंस ते चांगलंच की."

"नाही ना आई. तो जो पदार्थ मोजतात, तो मेंदूच्या पेशींत असतो तसा रक्ताच्या तांबड्या पेशींतही असतो. त्या नळीतच फुटल्या तर तो बाहेर येतो आणि आकडा फुगतो. मेंदूचा काही संबंध नसताना. बारीक सुई, जोराने दाबणं, शिवाय जिन्यात हिंदकळणं. सगळं मीच केलं."

"असं झालं तर कळत नाही का?"

"कळतं. नळी यंत्रात फिरवली की वरचं पाणी पिवळसर यायला हवं. ते गुलाबी आलं तर टाकायचं आणि रक्त परत काढायचं. हा नियम आहे." तिने हातातला बूट उलटा केला. "ते थोडं गुलाबी होतं. अगदी थोडं. मशीननेही खूण केली नाही. मीच म्हटलं, चालेल. परत वर जायचं, परत सरांना टोचायचं, ताई तिथे बसलेल्या. मला नाही जमलं."

"अगदी थोडंच होतं ना?"

"या तपासणीला थोडंही पुरतं. आणि आई, कदाचित तसं काही नसेलही. कदाचित आकडा खराच असेल. मला माहीत नाही, तेच तर आहे ना."

आता मी काय म्हटलं ते लिहिते. मी म्हटलं, "हे बघ, तू काही डॉक्टर नाहीस. त्यांनी बाकी सगळं बघितलंच असेल. आणि तुझी नोकरी कायम व्हायची ऑर्डर आता निघायची आहे. या वेळी कुणाला काही बोलायला जाऊ नकोस. शांतपणे जा, शांतपणे ये."

हे वाक्य मी तिच्या जन्मापासून पाठ केल्यासारखं म्हणत आले आहे. शांतपणे जा, शांतपणे ये. आज पहिल्यांदाच तिने ते जसंच्या तसं ऐकलं. दुसरा बूट घातला, नाडी बांधली, खूप वेळ बांधली, आणि गेली. मी खिडकीतून बघत होते. गल्लीच्या टोकापर्यंत ती चालत गेली.

तिचे बाबा हे सगळं आतून ऐकत होते. वर्तमानपत्र दुमडून बाहेर आले, कपाटापाशी उभे राहिले आणि तो फोटो रुमालाने पुसला. यांनी त्या कपाटातली वस्तू कधी पुसल्याचं मला आठवत नाही.

"काय म्हणायचंय ते बोला," मी म्हटलं.

"मला काही म्हणायचं नाही. फोटोवर धूळ होती."

"पोरीची नोकरी गेली म्हणजे?"

"जाईल असं नाही. बोलणी बसतील." ते परत फोटोकडे बघत म्हणाले, "त्या दिवशी कप परत दिला तेव्हाही तू रात्री जेवली नव्हतीस. ती मात्र दोन वेळा वाढून घेऊन जेवली होती." आणि झोपायला निघून गेले. आता आतून घोरण्याचा आवाज येतो आहे. एखादी गोष्ट माझ्यावर सोपवून निवांत झोपायची या माणसाची हातोटी विलक्षण आहे.

मी मात्र बसले आहे. मनात सारखा एकच हिशेब चालू आहे. मी गप्प राहा म्हटलं आणि ती गप्प राहिली, तर उद्या सकाळी ताई आपल्या मुलाला घेऊन त्या खोलीत बसतील, आणि समोर टेबलावर एक आकडा असेल जो कदाचित सरांच्या मेंदूचा असेल आणि कदाचित माझ्या मुलीच्या जिन्यातल्या उड्यांचा. त्या आकड्यावर ताई मान हलवतील. त्या भांडणार नाहीत. भिंगरीची ऑर्डर निघेल, नोकरी कायम होईल, आणि ती अशीच एकेक पायरी उतरत राहील. मला हीच मुलगी हवी होती का, असं स्वतःला विचारलं, तर उत्तर फार लवकर येतं आणि ते नाही असं असतं.

आणि ती बोलली तर? मॅडम रागावतील. लेखी खुलासा मागतील. ऑर्डर अडेल, कदाचित फार काळ अडेल. रक्त परत काढतील, आणि या वेळी पाणी पिवळं येऊनही आकडा मोठाच निघेल, हेही होऊ शकतं. मग सगळं करून सरांसाठी काहीच बदललेलं नसेल. मी स्वतःला खोटी आशा देत नाही. पण तो आकडा निदान सरांचा असेल. ताईंनी मोजायला टेप धरली आणि ती मध्ये दुमडलेली असली तर त्या कापड कापतील का? त्या म्हणतील, थांबा, परत मोजते.

भिंगरीची पाळी पहाटेपर्यंत आहे. वरच्या मजल्यावरचे नमुने काढायला ती पाळी संपण्याआधी एकदा जाते. म्हणजे सकाळच्या बैठकीआधी ती सरांच्या पलंगाशी जाऊ शकते. मॅडमना सांगून, जाड सुई घेऊन, ताईंच्या देखत. आणि मग नळी हातात सरळ धरून, लिफ्टसाठी उभी राहून, खाली. आयुष्यात एकदा तरी लिफ्टसाठी.

तिचा मोबाइल लॉकरमध्ये असणार. मी दोनदा लावून पाहिला, वाजून वाजून बंद झाला. म्हणजे उरला तो एकच नंबर. तो मी फ्रिजवर चिकटवलेला आहे आणि त्याच्याखाली तिने लाल पेनाने लिहिलं आहे, 'नाही, आई.' फोन बहुतेक मॅडमच उचलतील, आणि बहुतेक तो स्पीकरवर असेल. सगळी लॅब ऐकेल. ऐकू दे. मी तिच्या पोटाबद्दल विचारणार नाही, जेवलीस का हेही विचारणार नाही. मी फक्त तिला बोलवा म्हणेन, आणि ती आली की सरांचे मैदानावरचे तीन शब्द सांगेन, 'रेषेवर ये परत.' तिला पुढचं काही समजवावं लागत नाही. ते तिला सातवीतच समजलं होतं.

आडनाव बदलायचं असेल तर खुशाल बदल म्हणावं. मी उठते आणि फोन लावते.